अक्षराच्या पोटातली चकती

१

पाट्या करणाऱ्या माणसाला अख्खा बाजार वाचता येतो. कुणाच्या धंद्याला बरकत आहे, कुणाचं दुकान वर्ष पुरं व्हायच्या आत बसणार, कुणाचा जावई गल्ल्यावर येऊन बसला, सगळं पाटीवर दिसतं. पाहायची नजर तेवढी हवी. पाटीवाल्यांकडे ती होती. त्यांचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचंही काही अडलं नव्हतं. शाळा अर्ध्यातच सुटलेली. "अक्षरांची ओळख शाळेत झाली, दोस्ती दुकानात झाली," असं ते गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता सांगत, आणि चहा संपेपर्यंत ऑर्डर पदरात पाडून घेत.

गोष्टींचा त्यांच्याकडे तोटा नव्हता. एका दातांच्या डॉक्टरनं म्हणे हट्टानं नाजूक, वेलबुट्टीची पाटी करून घेतली, आणि लोक आत येऊन केक मागायला लागले. "तसा धंद्याला धंदा पूरकच होता म्हणा," असं म्हणून पाटीवाले स्वतःच आधी हसत. तात्पर्य काय, तर अक्षर लांबून वाचता आलं पाहिजे. बाकी सगळे नखरे.

त्यांचा एक शिरस्ता होता. अक्षर कापून झालं की त्याच्या पोटातली पोकळी मोकळी होते आणि आतली चकती सुटून खाली पडते. इतर दुकानदार ती केरात टाकतात. पाटीवाले ती उचलून परत त्याच पोकळीत बसवून बघत. 'टिक्' असा बारीक आवाज होऊन ती घट्ट बसली, तर अक्षर खरं. मग अंगठ्यानं दाबून चकती काढायची आणि टेबलाखालच्या डब्यात टाकायची. डुगडुगत्या टेबलाला, पोरांच्या गाडीला, कशाला ना कशाला ती लागतेच.

कापायचं यंत्र मागच्या शेडमध्ये होतं, आणि ते मामाच्या ताब्यात. मामा म्हणजे पाटीवाल्यांच्या दिवंगत बायकोचा धाकटा भाऊ. पुतळ्यासारखा उभा राहून काम करायचा आणि तोंडाचा पट्टा मात्र यंत्रापेक्षा जोरात चालवायचा. "दाजी, तुमची ती टिक् ऐकल्याशिवाय मला जेवण जात नाही," असं तो म्हणे.

२

अक्षर काढणारा कारागीर दुकानात आला तो भर दुपारी. आला म्हणजे उंबऱ्यापाशी उभा राहिला. "आत या, बसा," म्हटलं तर, "इथंच बरं आहे, मोकळं आहे," म्हणाला. कागदाची मोठी गुंडाळी त्यानं फुटपाथवरच उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

पाटीवाले खाली वाकले ते वाकलेलेच राहिले. अक्षर सगळं कंपास आणि पट्टीवर बेतलेलं. गोल म्हणजे पुरता गोल, रेघ म्हणजे सरळ रेघ, जाडी इथून तिथून एकच. टोकाला शेपूट नाही, मध्येच बारीक होणं नाही, लाडीगोडी नाही. काळंभोर, भक्कम, आणि तरी प्रत्येकाच्या पोटात एक नेमकी गोल पोकळी.

"जाड अक्षरात पोकळी जपावी लागते," कारागीर म्हणाला. "नाहीतर अक्षर गुदमरतं."

"आणि याच्याहून जाड हवं असेल तर?" पाटीवाल्यांनी विचारलं. गिऱ्हाईक नेहमी आणखी जाड मागतं, हा त्यांचा अनुभव.

"ते वेगळं काढावं लागत नाही."

यंत्रावर मोठं करता येतं, असं काहीतरी म्हणायचं असेल, म्हणून पाटीवाल्यांनी मान डोलावली. घासाघीस करायला त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या, पण पहिल्याच आकड्याला माणूस तयार झाला. तिथंच त्यांना जरा चुटपुट लागली. सौदा इतका सोपा झाला की व्यापारी माणसाला झोप लागत नाही. निघताना त्यानं आपलं कार्ड दिलं. त्यावरचं नाव मात्र साध्या, किरट्या अक्षरात होतं.

"हलवाई स्वतःच्या दुकानातलं खात नाही, तसला प्रकार," मामा म्हणाला, आणि दोघं हसले.

३

मामानं त्या अक्षराचं नाव ठेवलं ठोकळा, आणि तेच बाजारात रूढ झालं. पहिली पाटी शिंप्याच्या दुकानावर लागली. रस्त्याच्या पार त्या टोकावरून दिसायची. मग चपलांच्या दुकानदारानं मागितली, मग व्यायामशाळेनं, मग एका वाचनालयानं. ठोकळ्यात काहीही लिहा, खरं वाटायचं. 'आजपासून सवलत' लिहिलं तरी कायद्याचं कलम वाटायचं.

शिंप्याच्या पाटीतली पहिली चकती पाटीवाल्यांनी डब्यात टाकली नाही. तिला बारीक भोक पाडून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. शुभशकुन म्हणून.

आणि मग लेकीनं हट्ट धरला. एकुलती एक लेक. आई गेल्यावर पाटीवाल्यांनीच तिची वेणी घालायला शिकून तिला वाढवलेली. तिनं गाण्याचा क्लास काढला होता. पहिल्या मजल्यावर पियानो मावेल एवढा हॉल, मागे राहायची खोली, दाराला पूर्ण काच. जागा तिनं आवाजावरून निवडली होती. मधोमध उभं राहून टाळी वाजवली, तर खोलीनं ती परत दिली. "बाबा, ही खोली ऐकते," ती म्हणाली होती.

पाटीवाल्यांनी तिच्या काचेवर ठोकळ्याची अक्षरं स्वतःच्या हातानं चिकटवली. बोटभर जाडीचं ॲक्रिलिक, काठ गुळगुळीत. प्रत्येक चकती आधी बसवून पाहिली. टिक्. एक चकती लेकीनं हक्कानं मागून घेतली, पियानोवरचे कागद उडू नयेत म्हणून. अक्षरांच्या पोकळीतून आतलं सगळं दिसायचं. छोट्या मुली वर्गात यायच्या आधी तिथं डोळा लावून बघायच्या, ताई रागात आहे की खुशीत.

"आता तुमच्या दुकानावर कधी?" लेक म्हणाली. "जगाला नवी पाटी, आणि स्वतःची ती रंग उडालेली. लाज आणता, बाबा!"

"माझी हातानं रंगवलेली आहे गं. असू दे."

"मामा, तूच कर रे काहीतरी यांचं."

मामानं तिला डोळा मारला, तो पाटीवाल्यांनी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

४

सुरुवात कोटापासून झाली. शिंप्यानं पाटीवाल्यांच्या अंगाला टेप लावून माप घेतलं, कोट शिवला, आणि कोट अंगात शिरेना.

"सुटलाय तुम्ही," शिंपी म्हणाला. "चहाबरोबर बिस्किटं कमी करा."

"अरे, खांद्यावर चरबी चढते का कधी? बाही मनगटापर्यंत येत नाहीये. हात लांबले काय माझे?"

"टेप खोटं बोलत नाही, शेठ." शिंप्यानं टेप कोटाला लावला, वहीतला आकडा दाखवला. आकडा बरोबर होता.

तक्रार एकट्या पाटीवाल्यांची नव्हती. बाजारात सगळ्यांचेच कपडे त्याच्याकडून आखूड होऊन येत होते. शिंपी म्हातारा होत चालला, असं लोक म्हणाले. तसा तो खचलेलाही दिसत होता, दुकानातून बाहेर आला की पूर्वीपेक्षा बुटका वाटायचा. वय झालं की माणूस उतरतोच. आवाजही बारीक झालेला. मात्र मजेत होता.

"दुकान आता कसं अंगाबरोबर वाटतं," तो म्हणाला. "पूर्वी उगाच ऐसपैस होतं."

बाहेर पडताना पाटीवाल्यांची नजर सवयीनं वर गेली. पाटी हाताच्या अंतरावर होती. चाळा म्हणून त्यांनी किल्ल्यांतली चकती त्या पहिल्या अक्षराच्या पोकळीला लावली.

बसेना.

ऊन, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ऊन लागलं की ॲक्रिलिक फुगतं. पण फुगलं तर बाहेरूनही फुगेल. त्यांनी अक्षराच्या बाहेरच्या काठावर वीत ठेवून पाहिली, त्यांची वीत पट्टीइतकी खात्रीची होती. बाहेरून अक्षर तेवढंच होतं. जाडी तेवढी आतल्या बाजूला सरकली होती.

काही दिवसांनी ते पुन्हा गेले. चकती पोकळीला लावावीच लागली नाही. लांबूनच दिसत होतं. पूर्वी चकती मावायची तिथं आता जेमतेम करंगळी गेली असती.

५

ते तडक लेकीकडे गेले. तिच्या काचेवरच्या पोकळ्याही आवळल्या होत्या, पण शिंप्याच्या मानानं कमी. जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्याची लाज वाटली.

आत शिकवणी चालू होती. दारातून शिरताना त्यांच्या डोक्याला चौकट घासली. इतकी वर्षं घासली नव्हती. नेहमीच्या खुर्चीत बसले तर गुडघे पोटाशी आले. मधोमध उभ्या राहिलेल्या मुली ताईच्या खांद्याला लागल्या होत्या. गेल्या महिन्यात त्या तिच्या कोपराशी होत्या. मुली वाढतात, त्यांनी मनाशी म्हटलं. मुली भराभर वाढतात.

"ताई, सूर खूप वर आहे," त्यातली एक कुरकुरली. "घरच्या पियानोवर एवढा वर नसतो."

"घरचा पियानो उतरला असेल. ट्यूनर बोलवा म्हणावं," लेक म्हणाली. तिचा आवाज ऐकून पाटीवाल्यांनी मान वर केली. आवाज तिचाच, पण लहानपणीचा. पायातल्या चपला तिनं नव्या घेतल्या होत्या. जुन्या बाहेर काढून ठेवलेल्या. "ढिल्या झाल्या हो, बाबा. घसरतात."

मुली गेल्यावर त्यांनी टाळी वाजवली. खोलीनं ती परत दिली नाही. टाळी हातातच विझली.

"पोरी, चार दिवस घरी चल."

"का हो?"

पाटीतली पोकळी आवळतेय, म्हणून. त्यांनी सांगून पाहिलं. ती हसली. पियानोवरची चकती उचलून दारापाशी गेली आणि आतल्या बाजूनं पोकळीत बसवून दाखवली. टिक्.

"बसली! तुमचाच शिरस्ता ना? अक्षर खरं आहे."

चकती घट्ट बसली होती. चकती डब्यातल्या इतर चकत्यांपेक्षा लहान होती, हे त्यांना दिसत होतं. तिला दिसत नव्हतं.

त्यांनी तिचा हात हातात घेतला. रस्ता ओलांडताना धरायचे, तेवढासा हात.

"क्लासचा कार्यक्रम झाला की येते," ती म्हणाली. "मुलींना आता सोडून गेले तर रडतील. तुम्ही दमलायत, बाबा. जरा पडा."

मामाला बोलावून त्यांनी गरम हवेच्या यंत्रानं अक्षरं सोडवायचा प्रयत्न केला. गोंद केव्हाच उरला नव्हता. अक्षर आणि काच यांच्यात नखही शिरेना. "दाजी, ही चिकटवलेली नाहीत," मामा म्हणाला. यंत्र बंद करून तो खाली उतरला.

६

एका सकाळी शिंप्याचं शटर उघडलं नाही. शेजारचा चपलांचा दुकानदार म्हणाला, "गेला असेल लेकाकडे. हल्ली दिसतच नव्हता म्हणा, काउंटरमागे पार बुडालेला असायचा."

पाटीवाल्यांनी वर पाहिलं. पाटी लख्ख दिसत होती, अक्षरन् अक्षर भरीव. पोकळी एकातही नव्हती. तरी लांबून वाचता येत होती.

त्यांनी शटरवर थाप मारली.

बंद दुकानाच्या शटरवर थाप मारली की कसा आवाज येतो, सगळ्यांना माहीत आहे. सगळा पत्रा थरथरतो आणि आतला रिकामा अंधार उत्तर देतो. इथं पत्रा हललाच नाही. आवाज आला तो खडकावर हात आपटल्याचा. त्यांनी खाली थाप मारली, कडेला मारली, बोटांची हाडं दुखेपर्यंत मारली. सगळीकडून तोच आवाज. आत रिकामं असं काही उरलंच नव्हतं.

"काय झालं हो, शेठ?" दुकानदारानं विचारलं.

पाटीवाले धावत सुटले होते.

७

लेकीचं दार आतून लोटलेलं. ढकलून हलेना. काच मागून काळपट झालेली, आणि त्यावर ठोकळ्याची अक्षरं. सगळ्या पोकळ्या मिटल्या होत्या. एकीत तेवढं सुईच्या टोकाएवढं भोक उरलं होतं, आणि त्यातून उजेड येत होता.

त्यांनी डोळा लावला.

आत, खूप खोल, खोली होती. पूर्ण होती. पियानो होता, पडदा होता, खिडकीतलं ऊन फरशीवर पडलेलं होतं. आणि ती होती, पियानोवरून उठत होती, अगदी सुखात. दाराकडे येत होती. मुंगी चालत यावी तशी, पण चाल तिचीच, उजवा खांदा जरा खाली. तिनं वर पाहिलं. बापाचा डोळा तिला केवढा दिसला असेल? तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काही चुकलं की आपण पोराला हसून समजावतो ना, तशी ती हसली. ओठ हलले. मग तिनं हात वर केला. हातात चकती होती.

"नको!" पाटीवाले ओरडले. "पोरी, लावू नको!"

टिक्.

मामा धावत वर आला, त्यानं हातोडा घातला. काच फुटली. तुकडे आत पडायला हवे होते, निदान काही तरी आत पडायलाच हवे होते. एकूण एक तुकडा बाहेर पडला, त्यांच्या पायांशी. काचेमागे दाराच्या चौकटीत गुळगुळीत, काळंभोर, भक्कम काहीतरी होतं. हातोडा त्यावर आपटून परत आला. पाटीवाल्यांनी तळवा टेकवला. किंचित कोमट होतं.

पोलीस आले. इमारतीच्या मालकानं नकाशा आणला, बोटं फिरवली. "इथं तर भिंतच दिसते," पोलीस म्हणाला. "भिंतीला दार कुणी लावलं?" मग त्यानं हरवल्याची तक्रार लिहून घेतली, वय विचारलं, उंची विचारली. उंचीपाशी पाटीवाले थांबले ते थांबलेच.

फुटलेल्या काचेतून एक अक्षर सुटून आलं होतं, तेच, शेवटच्या भोकाचं. पाटीवाल्यांनी ते उचललं. दोन्ही हात लागले. मधोमध केसाएवढ्या रेघेनं वेढलेला एक ठिपका होता, तिनं आतून लावलेली चकती. त्यांनी ते कानाला लावलं.

आत कुठेतरी डास गुणगुणत होता. फार वरच्या सुरात.

८

मामानं त्यांना धरून दुकानात आणलं. दारात आल्यावर तो एकदम थबकला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

वर नवी पाटी होती. ठोकळ्याची. लख्ख, काळी, रस्त्याच्या टोकावरून दिसेल अशी.

"आज सकाळीच लावली," मामाला रडू फुटलं. "पोरीचीच हौस होती, दाजी, तिला नाही म्हणवेना. तुम्हाला चकित करायचं म्हणाली. मला काय माहीत... थांबा, काढतो. गोंद अजून ओला आहे, आत्ता निघेल."

त्यानं शिडी लावली. पाटीवाले खाली उभे होते, छातीशी ते जड अक्षर धरून. त्यांनी वर पाहिलं, मग हातातल्या अक्षराकडे पाहिलं. असा हिशेब त्यांनी जन्मात कधी केला नव्हता, पण तो करायला त्यांना वेळ लागला नाही.

"राहू दे," ते म्हणाले.

"दाजी!"

"उतर खाली. यंत्र घेऊन तू दुसरीकडे जा. शेड नको. आणि ठोकळ्याचे कागद जाळून टाक. माझं ऐक."

ते आत जाऊन टेबलाशी बसले. अक्षर पुढ्यात ठेवलं. तेव्हापासून ते तिथंच आहेत. मामा रोज येतो, उंबऱ्याबाहेर उभा राहून डबा आत सरकवतो. डबा हल्ली फार मोठा आणतो, त्यातली एक पोळी दिवसभर पुरते. मामाचं बोलणंही बदललंय. आवाज जड येतो, घोगरा, मोठ्या भांड्यातून आल्यासारखा, आणि एकेक शब्द उच्चारायला त्याला वेळ लागतो. काल तो दारात वाकून बराच वेळ काही सांगत होता. शब्द कळले नाहीत, पण तो रडत होता एवढं कळलं. पाटीवाल्यांनी त्याला हात हलवला. बिचाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही. आत सगळं ठीक आहे. खुर्ची अंगाबरोबर आहे, टेबल हाताला येतं.

त्यांना आधी वाटलं होतं, भीती वाटेल. तशी वाटते. पाटीवरच्या पोकळ्यांतून येणारे उजेडाचे गोल पूर्वी समोरच्या भिंतीवर पडायचे, आता ते ठिपके झालेत, आणि ठिपके मोजायचं ते टाळतात. पण दिवसातून एकदा ते अक्षराला कान लावतात.

सुरुवातीला डास होता. मग शीळ झाली. मग लहान मुलीचा आवाज, आणि आज सकाळी त्यात पहिल्यांदा शब्द लागले. ती तालाचे आकडे मोजतेय. एक, दोन, तीन, आणि चौथ्यावर जरा थांबते. लहानपणापासून थांबते. कितीदा सांगितलं तिला.

सूर अजून वर आहे. आणखी थोडा खाली यायला हवा.

पाटीवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली.